एकेरी रस्त्याची पाटी सायकललाही लागू आहे

सायकलस्वाराला एकेरी वाहतुकीचा नियम लागू नाही, हे मत जळगाव-धुळ्यात इतके मुरले आहे की ते कोणी मांडत बसत नाही. लोक सरळ त्याप्रमाणे वागतात. वन-वेच्या तोंडाशी मोटारसायकलवाला निदान हवालदार उभा आहे का ते पाहतो आणि मग आत घुसतो. सायकलवाला तेवढेही पाहत नाही, कारण आपण काही चुकतो आहोत ही शंकाच त्याला येत नाही. त्याला हटकले की ठरलेली उत्तरे येतात. सायकल हे मोटार वाहन नव्हे. तिला लायसन नाही, नंबर नाही. तिच्या धक्क्याने कोणी मरत नाही. पायी माणूस उलट्या दिशेने चालतो, मग सायकलने काय पाप केले? समोरची गाडी दिसत असल्यामुळे उलटे जाणेच अधिक सुरक्षित. आणि शेवटचे उत्तर, लांबचा वळसा पायडल मारणाऱ्याच्या पायांना पडतो, पेट्रोलवाल्याच्या नव्हे. यांतली काही उत्तरे साफ चूक आहेत, काही अर्धीच खरी आहेत आणि शेवटचे मात्र खरोखर वजनदार आहे. पण त्या वजनदार उत्तरातूनही पाटी न पाळण्याचा हक्क निघत नाही. निघते ती पाटी बदलून घेण्याची मागणी, आणि ती मागणी खान्देशातल्या या दोन्ही शहरांत कोणी नेटाने लावून धरत नाही.

कायद्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करणे योग्य, कारण सायकलच्या बाजूने बोलणारे सर्वांत आधी कायदाच पुढे करतात. त्यांचे म्हणणे मोटार वाहन कायदा, १९८८ पुरते बरोबर आहे. या कायद्यातील मोटार वाहनाच्या व्याख्येत सायकल बसत नाही. वाहतूक चिन्हे पाळण्याचे बंधन घालणारे कलम ११९ मोटार वाहनाच्या चालकाला उद्देशून आहे. वाहतुकीच्या दिशेविरुद्ध गाडी हाकणे हा धोकादायक वाहनचालनाचा प्रकार मानावा, ही २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ मध्ये घातलेली तरतूदही मोटार वाहनांपुरतीच आहे. इथपर्यंत वाचून पुस्तक मिटले, तर सायकल मोकळी सुटली असे वाटणारच.

पण रस्त्यावरचा कायदा या एका पुस्तकात संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ हा पूर्वीचा मुंबई पोलीस कायदा. त्याच्या कलम ३३ ने पोलिस आयुक्त, आणि जिथे आयुक्तालय नाही तिथे जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्यांना रस्त्यावरील सर्व प्रकारच्या रहदारीचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. त्या कलमात रस्ता वापरणाऱ्यांची जी यादी आहे, तीत घोड्यावरून जाणारे, गाडी हाकणारे, पायी चालणारे आणि गुरे नेणारे यांच्याबरोबर सायकल चालवणारेही स्पष्ट शब्दांत आहेत. याच अधिनियमातील वाहनाच्या व्याख्येत हातगाडीपासून मोटारीपर्यंत सारे काही येते आणि सायकल, तीनचाकी सायकल यांची नावे घेऊन नोंद आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्याचा नियम सांगणारे कलम ९९ म्हणूनच सायकललाही लागू आहे. याखेरीज जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम २७९ च्या जागी आलेले भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ आहे. सार्वजनिक रस्त्यावर इतरांच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे कोणतेही वाहन हाकणे हा त्यात गुन्हा आहे. तिथे ‘मोटार’ हा शब्द नाही.

जुन्या पिढीला हे कलमांचे आकडे सांगण्याची गरज पडू नये. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लावावा लागत असे, तो काळ फार जुना नाही. रात्री दिवा नसेल तर हवालदार सायकल अडवीत असे आणि चाकातली हवा सोडून देत असे. डबलसीट पकडले गेले की चौकात खाली उतरून उभे राहावे लागे. सायकल कायद्याच्या बाहेर असती, तर यातले काहीच घडले नसते. पुढे दुचाक्या वाढल्या, पोलिसांचे लक्ष तिकडे वळले, बिल्ले गेले, दिव्याची तपासणी थांबली. त्या दुर्लक्षाला आज माफी समजले जात आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. एखाद्या रस्त्यावर एकेरीचा आदेश फक्त मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली निघाला असेल, तर तो मोटार वाहनांपुरताच असतो, कारण त्या कलमाचा पल्ला तेवढाच आहे. पोलीस अधिनियमाखाली आदेश काढून सर्व वाहनांना तो लागू केला असेल, तर सायकल त्यात आलीच. म्हणजे प्रत्येक रस्त्यावर सायकलला नेमके काय बंधन आहे, हे आदेशाच्या मजकुरावर ठरते. पण हा मुद्दा सायकलस्वाराच्या फायद्याचा नाही. खांबावरच्या लाल गोलातील पांढरी आडवी पट्टी कोणत्या कलमाखाली लागली, हे चौकात उभ्या असलेल्या कोणालाच दिसत नाही. आदेशाची प्रत न पाहता तो आपल्यासाठी नाही असे गृहीत धरणे म्हणजे न वाचलेल्या कागदावर स्वतःच्या सोयीची सही करणे होय. संशय असेल तेव्हा पाटी सर्वांसाठी आहे असेच धरून चालावे लागते, कारण समोरून येणाराही तसेच धरून चाललेला असतो.

‘मोटार नाही म्हणून मोकळीक’ हा युक्तिवाद त्याच्या शेवटापर्यंत नेला, तर तो मांडणाऱ्यांनाही परवडणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी हलकी विजेवरची दुचाकी ठरावीक अटींवर मोटार वाहन ठरत नाही. तिलाही लायसन नाही, नंबर नाही. ती आवाज न करता उलट्या दिशेने येते तेव्हा भाजीची पिशवी सांभाळत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला तिची चाहूलही लागत नाही. व्याख्येतून सुटलेले प्रत्येक वाहन एकेरीतूनही सुटते असे म्हटले, तर या गाड्यांनाही मुभा द्यावी लागेल. ते मान्य करायला सायकलवादी तयार होत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

आता धोक्याकडे. सायकल हळू चालते, म्हणून ती निरुपद्रवी, असे म्हणताना तिचा एकटीचा वेग मोजला जातो. टक्कर मात्र दोघांच्या वेगाने होते. दुचाकी ताशी ३० आणि सायकल ताशी १५ किलोमीटरने चालली आहे असे धरू. दोन्ही एकाच दिशेने जात असतील, तर दुचाकी सायकलजवळ ताशी १५ च्या फरकाने येते. समोरासमोर असतील, तर ४५ ने. गर्दीच्या बाजारात मालाचा टेम्पो, लोटगाडी, दुकानाबाहेर लटकवलेले कपडे यांच्या आडून २५ मीटरवरचे दिसले तरी पुष्कळ. त्या २५ मीटरांत पहिल्या स्थितीत दुचाकीस्वाराला सहा सेकंद मिळतात, दुसऱ्या स्थितीत दोनच. दोन सेकंदांत पाहायचे, समजायचे, ब्रेक दाबायचा आणि बाजूला सरायचे. आणि बाजूला सरायला जागा हवी, जी जळगावच्या फुले मार्केटच्या बाहेर किंवा धुळ्याच्या पाच कंदील परिसरात सणाच्या दिवसांत पायी माणसालाही मिळत नाही.

सायकलची जागाही कागदावर दिसते तेवढी नसते. नुसते हँडल सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असते. पहाटे दोन्ही बाजूंना कॅन लटकवून निघालेल्या दूधवाल्याची सायकल मीटरभर रुंद होते. कॅरिअरवर आडवे पाइप किंवा बांबू बांधले असतील, तर त्याहूनही जास्त. भरलेल्या कॅनसकट ही सायकल चटकन थांबत नाही आणि थांबली तर कलंडते. उभ्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोला वळसा घालून दुचाकी पुढे येते, त्याच क्षणी समोरून अशी सायकल निघते. दोघांपैकी एकाला दुकानाच्या पायरीवर चढावे लागते, नाहीतर पायी माणसाच्या अंगावर जावे लागते. हे दृश्य बाजाराच्या रस्त्यावर कोणत्याही सकाळी दिसते.

एकेरी रस्त्याचा खरा लाभार्थी पायी माणूस आहे, आणि सायकलवाद्यांच्या बोलण्यात तोच नसतो. एकेरी रस्ता ओलांडणारा माणूस एकाच बाजूला पाहतो. पाटीने त्याला तसे करायला सांगितले आहे. म्हातारा माणूस, कडेवर मूल घेतलेली बाई, शाळेतले पोर, हे सारे त्या भरवशावर पाऊल टाकतात. उलट्या बाजूने आलेली सायकल तो भरवसा मोडते. सायकलच्या धक्क्याने सत्तरीतल्या माणसाच्या खुब्याचे हाड मोडले, तर तो पुन्हा पूर्वीसारखा चालेल याची खात्री कोणताही डॉक्टर देत नाही. सायकलने कोणी मरत नाही असे म्हणणाऱ्यांच्या हिशेबात हे अंथरुणाला खिळणे धरलेलेच नसते.

पायी माणूस उलटा चालतो, मग सायकल का नाही, या प्रश्नाचे उत्तर पायी माणसाच्या पायांत आहे. तो एका पावलात थांबतो, अंग चोरून भिंतीला टेकतो, मागे सरतो. सायकलला यातले काहीच जमत नाही; तिला तोल राखायलाच पुढे जात राहावे लागते. पदपथ नसलेल्या रस्त्यावर पायी माणसाने समोरची वाहने दिसतील अशा बाजूने चालावे, हा सल्ला योग्य आहे, पण तो माणसाच्या चालीसाठी आहे. समोरची गाडी दिसते म्हणून सायकलस्वार निर्धास्त होतो, तेव्हा तो एवढेच विसरतो की गाडीवाला त्या बाजूला पाहतच नाही. बोळातून एकेरी रस्त्यावर वळणारा चालक वाहने ज्या बाजूने यायला हवीत त्या बाजूला मान वळवतो आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने सायकल त्याच्या चाकासमोर येते. आपल्याला दिसणे आणि आपण दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जीव दुसरीवर अवलंबून असतो.

मोठे मारेकरी वेगळेच आहेत, हेही इथे सांगितलेच पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. चुकीच्या बाजूने वाहन चालवण्याच्या खात्यावर पाच टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातही मोठा भाग मोटार वाहनांचा. सायकलस्वार बहुतेक वेळा मरणारा असतो, मारणारा क्वचितच. म्हणून पोलिसांनी बुलेटचे फटाके आणि अल्पवयीन चालक सोडून सायकलवाल्यांच्या मागे लागावे, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. पण मरणारा बहुधा आपणच असतो, हे पाटी पाळण्याचे कारण आहे. पाटी मोडण्याचे नव्हे.

आणि मेल्यावर किंवा हातपाय मोडल्यावर काय होते, ते सायकलवाल्याच्या घरच्यांना कळायला हवे. ट्रकने सायकलला उडवले की दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातो. तिथे विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारतो तो सायकल कोणत्या बाजूने येत होती हा. मृत किंवा जखमी माणूस एकेरीत उलटा येत होता असे पंचनाम्यात आले, की अपघाताला त्याचाही हातभार होता असे म्हणून भरपाईतून काही हिस्सा वजा करण्याचा मार्ग खुला होतो. चालकाची चूक मोठी असली तरी हे टळत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाच्या विधवेला मिळणाऱ्या रकमेचा चौथा किंवा तिसरा भाग एका पाटीपायी जाणे, ही ‘सायकलला नियम नाही’ या समजुतीची खरी किंमत आहे. ती समजूत पसरवणाऱ्यांपैकी कोणीही ही किंमत भरत नाही.

राहिले वळशाचे उत्तर, आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर जातो, जळगावात त्याच्याही वर. त्या उन्हात अर्ध्या किलोमीटरचा वळसा मोटारवाल्याला जाणवतही नाही, पण सायकलवर सिमेंटचे पोते किंवा गॅसची टाकी नेणाऱ्याला तो जाणवतो. सायकल चालवणारा वर्ग कोण, हेही स्पष्ट आहे. मजूर, पेपर टाकणारी पोरे, दूधवाले, रखवालदार आणि शाळेच्या मुली. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात आणि त्यात खान्देशातले तालुकेही आहेत. एका हाताने सायकल द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिचा रस्ता लांबवायचा, हे राज्यकर्त्यांना शोभत नाही. एकेरी रस्ते आखले जातात ते मोटारींची कोंडी फोडण्यासाठी. ती कोंडी सायकलने केलेली नसते. मग तिचा दंड सायकलने का भरावा?

हा प्रश्न रास्त आहे, आणि जगात अनेक ठिकाणी त्याला रास्त उत्तर मिळाले आहे. जर्मनीने १९९७ पासून निवडक एकेरी रस्त्यांवर सायकलला दोन्ही दिशांनी जाऊ देण्यास सुरुवात केली. बेल्जियमने २००४ पासून, वेगमर्यादा ताशी ५० च्या आत असलेल्या आणि पुरेशा रुंद एकेरी रस्त्यांवर सायकलला उलट दिशेची मुभा देणे हाच सर्वसाधारण नियम केला. फ्रान्सने २००८ मध्ये ताशी ३० च्या वेगमर्यादेच्या भागांत तेच केले. लंडनमधील ५०८ एकेरी रस्त्यांच्या २२ वर्षांच्या अपघात-नोंदी तपासून लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये निष्कर्ष काढला की, अशी मुभा दिल्याने सायकलस्वारांचे अपघात वाढल्याचा पुरावा नाही.

सायकलवादी ही उदाहरणे आपल्या बाजूने सांगतात. प्रत्यक्षात ती त्यांच्या विरुद्ध आहेत. या सर्व देशांत मुभा पाटीवर लिहिलेली असते. प्रवेशबंदीच्या चिन्हाखाली ‘सायकल वगळून’ अशा अर्थाची छोटी पाटी, रस्त्यावर सायकलचे चित्र, कुठे पांढरी रेघ, वळणावर समोरच्या चालकाला सावध करणारी खूण. दुचाकीवाल्याला आधीच माहीत असते की समोरून सायकल येणार आहे. रस्ता ओलांडणारा दोन्हीकडे पाहतो. जिथे ही पाटी नाही, तिथे त्या देशांतही सायकलला उलटे जाता येत नाही. सायकलला नियम लागूच नसता, तर ‘सायकल वगळून’ असे लिहिण्याची गरज कोणाला पडली असती?

वगळण्याचा अधिकार स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांनी कोलकात्याकडेही पाहावे. तिथे २००८ पासून काही रस्त्यांवर सायकलला बंदी आली आणि २०१३ मध्ये ती १७४ रस्त्यांपर्यंत पसरली. कारण वाहतुकीचा वेग हे दिले गेले. दूधवाले, पेपरवाले, फेरीवाले यांच्या पोटावर ती बंदी आली. सायकल हे रस्त्याचे नियम पाळणारे आणि म्हणून रस्त्यावर हक्क असलेले वाहन आहे, या भूमिकेवरूनच अशा बंदीशी लढता येते. आम्ही नियमांच्या बाहेर आहोत असे म्हणणाऱ्याला रस्त्याच्या बाहेर काढणे प्रशासनाला सोपे जाते.

मुभा कुठे द्यायची आणि कुठे नाही, हे ठरवणे धुळे आणि जळगाव यांना अवघड नाही, पण दोघांची अडचण सारखी नाही. धुळ्याची जुनी पेठ १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जने आखीव वसवली. तिथल्या गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत. समांतर गल्ल्यांच्या अशा रचनेत एक गल्ली जाण्याची, शेजारची येण्याची अशी जोडी लावता येते. मग वळसा काही पावलांचा उरतो आणि उलटे जाण्याचे निमित्तच संपते. आग्रा रोडसारख्या मुख्य बाजाररस्त्यावर सायकलला उलट मुभा देणे मात्र आजच्या अतिक्रमणात जीवघेणे ठरेल. तिथे आधी कडेचे पार्किंग हटले पाहिजे.

जळगावचे दुखणे निराळे आहे. सुभाष चौक, दाणा बाजार, नवी पेठ या भागांत बोळ अरुंद आणि वाकडे आहेत, जोड्या सहज लागत नाहीत. त्याहून मोठे दुखणे शहराच्या मधून जाणाऱ्या महामार्गाचे, म्हणजे पूर्वीच्या सहा आणि आताच्या ५३ क्रमांकाचे. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. दुभाजकातली वाट लांब असली की सायकलस्वार कडेकडेने राँग साइडने निघतो. तिथे वर सांगितलेले कलम ९९ थेट लागू होते आणि समोरून मालवाहू ट्रक येत असतो. बाजारातली एकेरी आणि महामार्गावरची राँग साइड यांना एकाच मापाने मोजता येत नाही. बाजारात काही ठिकाणी मुभा देता येईल. महामार्गावर ती कधीच देता येणार नाही. तिथे सलग समांतर रस्ता आणि सायकल उतरवता येईल असे भुयारी मार्ग हेच उत्तर आहे.

मागणी नेमकी करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ मध्ये पोटकलम घालून, बिगरयांत्रिक वाहने आणि पादचारी यांच्याबाबत नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला आहे. पोलीस अधिनियमाचे कलम ३३ हाताशी आहेच. दोन्ही महानगरपालिकांनी वाहतूक शाखेबरोबर प्रत्येक एकेरी रस्त्याची रुंदी मोजावी. जिथे कडेला गाड्या उभ्या राहत नाहीत आणि दुचाकी व सायकल समोरासमोर मोकळेपणी निघू शकतात, तिथे ‘सायकल वगळून’ अशी मराठीतली पाटी लावावी. जिथे जागा नाही, तिथे आदेशात सायकलचे नाव स्पष्ट लिहावे, म्हणजे कलमांचा वाद राहणार नाही. नवा एकेरीचा आदेश काढताना सायकलचा वळसा किती लांबेल, हे आधी चालून मोजावे आणि शाळेच्या वाटा त्यातून सोडवाव्यात. फलकांसमोरचे फ्लेक्स आणि लोटगाड्या हटवाव्यात, कारण न दिसणारी पाटी पाळा असे कोणालाच सांगता येत नाही.

ती पाटी लागेपर्यंत सायकलस्वाराकडे एक साधी, पूर्णपणे कायदेशीर सोय आहे. सायकलवरून खाली उतरून, ती हातात धरून, कडेने पायी जाणे. उतरलेला सायकलस्वार पायी माणूसच असतो आणि एकेरीची पाटी पायी माणसासाठी नाही. बाजारातला शंभर-दोनशे मीटरचा उलटा टप्पा दोन-तीन मिनिटांत चालून होतो. तेवढा चालावा, आणि महापालिकेच्या दारात ‘सायकल वगळून’ची पाटी मागायला जावे.